तिठ्याजवळची देवरहाटी



कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली करत रत्नागिरीकडे निघालं की शहराच्या थोडं अलीकडे हातखंब्याचा तिठा लागतो. तुमच्यापैकी कितीतरी जणी गणपतीपुळ्याला जाताना इथे चहाला थांबल्या असतील. मुंबई–गोवा महामार्ग आणि मिऱ्या–नागपूर महामार्ग इथे एकत्र येतात. ट्रक, धूळ, चौपदरीकरणाची खोदाई, उतारावर जपून चालवा म्हणणारे फलक. इथे मागे कुठे रान असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

यांच्या नोकरीमुळे आम्ही अकरा वर्षांपूर्वी या भागात राहायला आलो. घरापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर एक देवरहाटी आहे. देवरहाटी म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. घाटावर आपण देवराई म्हणतो तेच. फार तर चार-पाच एकर. अकरा वर्षांत मी तिथे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. या माघात गेले. का गेले नव्हते आणि जाऊन काय झालं, ते आज लिहिते आहे. गावाचं आणि देवीचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. पाच एकरांचं रान सहलीच्या दोन बसगाड्यांनीही तुडवलं जाईल.

न जाण्याचं कारण सांगायला मला संकोच वाटतो, तरी सांगते. कोकणात वाडीच्या वेशीवर, रानाच्या कडेला राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला राखण देतात, आणि राखण म्हणजे बहुतेक ठिकाणी कोंबडा. आम्ही नवीन राहायला आलो त्याच वर्षी शेजारच्या घरातून राखणीचं बोलावणं आलं. मी काहीतरी निमित्त सांगून टाळलं. लहानपणी बस्तीत पंडितजींनी सांगितलेली यशोधर राजाची गोष्ट माझ्या मनात पक्की बसलेली. आईच्या आग्रहाखातर त्याने खरा नाही, पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला, तरी त्या संकल्पाने माय-लेकांना किती भव पशुपक्ष्यांच्या जन्मात फिरावं लागलं! पिठाच्या कोंबड्याचं हे, मग खऱ्याचं काय? मी मनाशी ठरवून टाकलं, त्या रानाकडे फिरकायचं नाही. दुरून हिरवा ढीग दिसायचा, पहाटे पक्ष्यांचा आवाज यायचा, बस.

या वर्षी आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या, “बाय, तू एवढी झाडापानाला जपणारी. पावसात अंगणातल्या गोगलगायी उचलून कडेला ठेवतेस. आणि रहाटी बघितली नाहीस? राखणीच्या दिवशी नको येऊस. उद्या चल.” मग मात्र मला निमित्त सुचेना.

चातुर्मास संपून बरेच दिवस झालेले, वाट कोरडी, पायाखाली जीवजंतू कमी. गाळलेलं पाणी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. पहाटेचं धुकं निवळल्यावर निघालो. आधी उघडा कातळ, मग काजूच्या बागा, मग एक उतार. रहाटीच्या तोंडाशी काकींनी मला थांबवलं. “चपला हितंच काढ. आत मोठ्यानं बोलायचं नाही. आणि काही उचलायचं नाही. फूल नाही, फळ नाही, वाळकी काटकीपण नाही.”

आपल्याकडे बस्तीत शिरतानाही असेच नियम असतात. पण बस्ती चार भिंतींची. इथे भिंत नाही, कुंपण नाही, पहारेकरी नाही. फक्त शब्द, आणि तो शब्द किती पिढ्या पाळलेला!

दहा पावलांत ऊन संपलं. बाहेर घाम फुटला होता, आत अंगावर शहारा आला. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, जांभूळ, काजरा, रातांबा. काही झाडं काकींनी ओळखवली, काही मला येत होती. एका रायवळ आंब्याला आम्ही दोघींनी हात पसरून मिठी घातली तरी बोटं भेटली नाहीत. मांडीएवढ्या जाडीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. जमिनीवर पानांचा थर इतका की पाऊल गादीवर पडावं तसं पडतं. मध्यभागी चिऱ्याचा छोटा चौथरा, त्यावर झिजलेले पाषाण, शेंदूर, पणती. बाजूला एक झरा, बोटभर धारेचा.

“हाच आमच्या वाडीच्या विहिरीला पाणी देतो,” काकी म्हणाल्या. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात, हे आपल्या घाटावरच्या माणसांना खरं वाटत नाही. पण इथला जांभा दगड भोकाभोकांचा आहे. उघड्या सड्यावर पडलेलं पाणी काही वाहून ओढ्याला जातं, काही दगडातून झिरपून झटकन निघून जातं. जिथे झाडांची मुळं आणि पानांचा कुजका थर आहे तिथेच ते थांबतं, सावकाश खाली उतरतं. आपण पाण्याचा थेंब गाळून वापरणाऱ्या बायका. हे रान तोच थेंब वर्षभर धरून ठेवतं.

तेवढ्यात डोक्यावरून कुणीतरी जाड कापड झटकल्यासारखा आवाज गेला. ककणेर! पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. काळा-पांढरा, भली मोठी पिवळट चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा उंचवटा. काकींनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं असं : मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि माती-विष्ठेने दार लिंपून घेते. एक चीर तेवढी उघडी ठेवते. अंडी घालून, पिलं मोठी होईपर्यंत ती आतच बंद. नर रोज उंबर, जांभळं आणून चिरेतून भरवतो. तो मेला तर आतल्या बिऱ्हाडाची उपासमार. मी म्हटलं, ही तर आपल्या ‘देशव्रता’हून कडक मर्यादा झाली! पण यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. ढोली कोवळ्या झाडाला नसते. झाड म्हातारं व्हावं लागतं, एखादी फांदी मोडावी लागते, ती जागा कुजावी लागते. म्हणजे जिथे कुणी शंभर वर्षं झाड तोडलं नाही, तिथेच हा पक्षी घर करू शकतो. काजऱ्याचं बी माणसाला विष, पण हा त्याचा गर खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. झाडं त्याला घर देतात, तो झाडं लावत फिरतो.

एका वाळवीच्या वारुळाला ताजं भगदाड होतं. “खवल्या,” काकी कुजबुजल्या. खवले मांजर. त्याला दात नसतात. जिभेने मुंग्या-वाळवी खातं आणि भय वाटलं की अंगाचा गोळा करून पडून राहतं, म्हणून तर शिकारी ते सहज उचलून नेतात. आपल्याच जिल्ह्यात चिपळूणजवळच्या डुगवे गावाने २०२० साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेबरोबर या प्राण्यासाठी खवलोत्सव केला, पालखीच्या गजरात! ज्याची खवल्यांसाठी चोरटी शिकार होते त्याचाच उत्सव. वाचून मला फार बरं वाटलं होतं.

चौथऱ्यापासून थोडं लांब, एका दगडावर बसून आम्ही पाणी प्यायलो. मग मी धीर करून विचारलंच, “काकी, अजून कोंबडा देतात?”

“काही घरं देतात. आमच्या घरात सासूबाईंपासून नारळावर आलंय.” थोडं थांबून त्यांनी मला उलट विचारलं, “तुमच्यात गं? तुमच्यात कुणी असं झाड तोडलं तर काय दंड?”

मला उत्तर देता आलं नाही.

इथे दंड असतो. रहाटीतलं झाड देवळाच्या दुरुस्तीला हवं असलं तरी गुरव आणि मानकरी देवीला कौल लावतात. कौल आला तर तोड, नाही तर नाही. चोरून तोडलं तर गावापुढे उभं राहावं लागतं. घरी आल्यावर मी या रहाट्यांचा इतिहास वाचत बसले, आणि तो वाचता वाचता काकींचा प्रश्न अधिकच टोचू लागला.

पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ हे दोघे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या रानांच्या मागे लागले. १९७३ च्या विज्ञान काँग्रेसमधल्या त्यांच्या निबंधाच्या नावातच ‘देवरहाटी’ हा कोकणातला शब्द आहे. पुढे १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा मोठा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि गावच्या बायाबापड्या जे राखत होत्या ते जगाच्या अभ्यासाचा विषय झालं. त्यांच्या कामातली गाणी गावाची हकिकत मला सगळ्यांत आवडली. श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव. तिथल्या राईत गारंबीची अजस्र वेल होती. राई तोडायला काढली तेव्हा गावकऱ्यांनीच या शास्त्रज्ञांना साद घातली. त्यांनी वनखात्याला पटवलं आणि तोड थांबली. आधी राखलं ते गावाने. शास्त्रज्ञांनी त्या राखण्याला साक्ष दिली.

ही रानं छोटी बेटं होऊन उरली, त्यालाही कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल फार थोडं. बहुतेक रान खासगी मालकीचं. मुंबई वाढत गेली तशी तिला जळण हवं होतं, कोळसा हवा होता, इमारतीला लाकूड हवं होतं. किनारा जवळ, बंदरं हाताशी, पुढे ट्रक आले. डोंगरच्या डोंगर उतरले. आंब्याच्या पेट्यासुद्धा पुष्कळ वर्षं लाकडाच्याच असत. लहानपणी आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हापूसची पेटी यायची. वरच्या फळ्या उचकटल्या की पेंढ्याचा आणि आंब्याचा मिळून वास यायचा. त्या फळ्या कुठल्या झाडाच्या, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. आंबे संपले की फळ्या बंबात.

त्या रात्री आईला फोन केला. रहाटीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या वखारीत लाकूड तिकडूनच यायचं की. साखरप्याहून, पालीहून. पावसाळ्याआधी ट्रकांची रांग लागायची. कोळशाची पोती वेगळी.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. वखार माहीत होती. आजोबा रोज बस्तीत अभिषेक करणारे, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणारे, पर्युषणात दहा दिवस वखार बंद ठेवणारे. त्यांच्यासारखा सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या आईचं लग्न, मामांचं शिक्षण, सगळं त्या वखारीवर. मला फक्त हे माहीत नव्हतं की ते लाकूड मी आज जिथे राहते तिथल्या डोंगरांचं होतं. खिडकीतून दिसणारे हे बोडके सडे, त्यातल्या काहींवर कधीकाळी आमच्या घराचा हिशेब लिहिलेला आहे.

सख्यांनो, श्रावकाचारात पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, श्रावकाने टाळायचे धंदे. त्यांत अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडणं आहे आणि वनकर्म म्हणजे रान तोडून विकणं आहे. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या आहे : कारणावाचून माती खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाड तोडणं. हे नियम आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवले. मी ते पाठ केले आहेत, पाठशाळेत मुलींना शिकवलेही आहेत. पण आमच्या घरात ते वखारीच्या दारापर्यंत कधी पोहोचले नाहीत. आणि मी अकरा वर्षं एका कोंबड्यापायी ज्या रानाकडे पाठ फिरवली, तिथे ज्यांनी आपले ग्रंथ कधी पाहिले नाहीत त्या माणसांनी वनकर्माचा त्याग करून दाखवला होता. व्रताचं नाव न घेता.

याचा अर्थ कोंबडा कापणं बरोबर, असं मी म्हणत नाही. ती हिंसाच आहे आणि ती थांबावी असंच मला वाटतं. राखणीच्या दिवशी मी आजही जाणार नाही. पण हिशेब एकाच बाजूने मांडून मी स्वतःला शुद्ध समजत होते, एवढं मला कबूल करायला हवं. आपल्या बस्तीतही क्षेत्रपाल असतात. त्या जागेची राखण त्यांच्याकडे आहे असं आपण मानतो आणि त्यांना मान देतो. इथला राखणदार मला आता तितका परका वाटत नाही.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही उक्षीला गेलो. मुंबईच्या दिशेनं महामार्गाने जाऊन आत वळलं की हे गाव. तिथल्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, जवळजवळ खऱ्या हत्तीएवढा. अशी कातळशिल्पं या भागात शेकड्यांनी सापडली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गुराख्यांना विचारून ती शोधली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली सात आहेत आणि उक्षी त्यांपैकी एक. उक्षीच्या लोकांनी कठडा बांधून आपला हत्ती राखला आहे.

ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची. लोखंड नव्हतं त्या काळातल्या माणसांनी दगडाने दगड कोरून काढलेली. त्यांत हत्ती आहे, गेंडा आहे, वाघ आहे, मासे आहेत. गेंडा! कोकणात आज कुणी गेंड्याचं नाव तरी घेतं का? तो कातळावर तेवढा उरला. उन्हात त्या हत्तीसमोर उभी असताना मला रहाटीतला ककणेर आठवला. त्याचंही असंच चित्र तेवढं उरायला किती वेळ लागेल? चार म्हातारी झाडं तोडायला एक दिवस पुरे.

हे भय उगाच नाही. कित्येक रहाट्यांत छोट्या घुमटीच्या जागी मोठं सिमेंटचं देऊळ, मग देवळाला रस्ता, मग गाड्यांना जागा, असं करत रान आक्रसत गेलं आहे. तेही भक्तीपोटीच. आपण जीर्णोद्धाराला वर्गणी देताना हे लक्षात घ्यायला हवं, आपल्या तीर्थांच्या डोंगरांवरसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या अशाच देवाच्या रानांबद्दल, तिथे त्यांना ओरण म्हणतात, १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल दिला. त्यांची मोजणी करा, त्यांना संरक्षण द्या असं सांगितलं आणि देशभरासाठी धोरण आखावं अशी शिफारस केंद्राला केली. कायदा येईल तेव्हा येईल. आमच्या पाच एकरांना आजवर तरी काकींच्या सासूबाईंनीच राखलं.

तुमच्याही बस्तीच्या भिंतीवर लेश्यावृक्षाचं चित्र असेल. सहा भुकेले वाटसरू, एक जांभळाचं झाड. कृष्ण लेश्येचा म्हणतो मुळासकट तोडू. दुसरा खोड तोडू म्हणतो, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं. सहावा, शुक्ल लेश्येचा, खाली पडलेली जांभळं वेचून पोट भरतो. लहानपणी मी त्या सहाव्या माणसावर बोट ठेवून म्हणायचे, ही मी. या माघात मला कळलं की माझं घर बरीच वर्षं पहिल्या-दुसऱ्या माणसाच्या कमाईवर जेवत होतं. आणि काकींच्या रहाटीत तर पडलेलं फळही उचलायचं नसतं. ते ककणेराचं, खारीचं, मातीचं.

परत येताना रहाटीच्या तोंडाशी मी चपला घातल्या आणि पाहिलं तर साडीच्या निऱ्यांत एक वाळकं पान अडकून आलेलं. मी ते काढून रस्त्याकडेला टाकणार, तोच काकींनी माझ्या हातातून घेतलं, चार पावलं मागे गेल्या आणि आत ठेवून आल्या.

आईला मी म्हटलं आहे, यंदा अक्षय्य तृतीयेला इकडे ये. रायवळाखाली तुला नेऊन बसवते. ती म्हणाली, “येते. आजोबांच्या नावानं एखादं झाड लावता येईल का गं तिथं?” मी काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, आत नाही, आत देवी लावते. बाहेर, कडेला लावा. पावसाच्या तोंडावर. आम्ही किंजळाचं रोप बघून ठेवलं आहे.